‘माझ्याच आयडीनं टाक’ म्हणण्याआधी: इंदूरच्या प्रॉपर्टीवाल्यांसाठी पासवर्ड आणि कायदा

मोती तबेल्याच्या पंजीयक (दस्त नोंदणी) कार्यालयात दुपारी साडेतीनचा स्लॉट घेतलेला. खरेदीदार रजा टाकून आलाय, घर विकणाऱ्या आजी रिक्षातून उतरताहेत, आणि ज्याच्या आयडीवर दस्त तयार झाला तो सर्विस प्रोव्हायडर, म्हणजे दस्त तयार करायचा परवाना असलेला माणूस, देवासला लग्नात. फोन लावला की पलीकडून उत्तर येतं, ‘‘अरे भिया, माझ्याच आयडीनं टाक ना, पासवर्ड पाठवतो.’’ मिनिटभरात व्हॉट्सॲपवर पासवर्ड येतो, राहिलेली दुरुस्ती होते, रजिस्ट्रीही होते.

जमीन-घरांच्या धंद्यात हे इतकं अंगवळणी पडलंय की यात कायद्याचा काही संबंध येतो असं कुणाला वाटतही नाही. मनात पाप कुणाच्याच नसतं, काम अडू नये एवढंच. पण दोन वर्षांनी त्याच दस्तावरून वाद निघाला, तर सर्व्हरच्या नोंदीत नाव सापडतं ते ज्याचा आयडी त्याचं. की-बोर्डवरचा हात कुणाचा होता हे सर्व्हरला कळत नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाचीच असते, हे खरं. पण खटला उभा राहण्याआधी चौकशीच्या चकरा, फोन-लॅपटॉप जमा होणं, परवान्यावर नोटीस, हे सगळं आयडीवाल्याच्याच वाट्याला येतं. आणि ‘तो मी नव्हतो’ हे दाखवणारा पुरावा बहुतेक वेळा दुसऱ्याच्या फोनमध्ये पडलेला असतो.

गुन्हा नेमका कुठे सुरू होतो

खासगी व्यवसायातल्या माणसानं आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगितला, एवढ्याच कारणासाठी शिक्षा देणारं स्वतंत्र कलम माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये नाही. म्हणून काही वकीलसुद्धा ‘काही होत नाही हो’ म्हणून मोकळे होतात. मला ते अर्धवट उत्तर वाटतं.

कलम ४३ वाचा. संगणकाच्या किंवा यंत्रणेच्या मालकाची किंवा ती सांभाळणाऱ्याची परवानगी नसताना आत शिरणं, तिथली माहिती उतरवून घेणं, कॉपी करणं, आणि असं शिरायला दुसऱ्याला मदत करणं, या सगळ्यासाठी नुकसानभरपाई द्यावी लागते. यातला कळीचा शब्द मालकाची परवानगी. संपदाचा, म्हणजे मध्यप्रदेशच्या दस्त नोंदणी पोर्टलचा, आयडी तुमच्या नावावर असला तरी यंत्रणा पंजीयन विभागाची आहे. प्रॉपर्टी पोर्टलवर खातं तुमचं असलं तरी पोर्टल त्या कंपनीचं. ज्या दाराची किल्ली तुम्हाला वापरापुरती मिळाली, ती पुढे कुणाला द्यायची हे ठरवायचा हक्क तुमच्याकडे असेलच असं नाही. पोर्टलच्या अटी मोडल्या म्हणजे लगेच कलम ४३ लागतं का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद तुम्हाला वकिलाची फी भरून घालावा लागेल.

हीच कामं अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केली तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक सही कपटानं वापरली तर कलम ६६-सी, आणि संगणकाच्या आधारे दुसराच कुणी असल्याचं भासवून फसवलं तर ६६-डी. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पासवर्ड देणाऱ्याला पुढचा डाव माहीत असेल तर चिथावणीचं कलम ८४-बी आहे, आणि भारतीय न्याय संहितेतलं कटाचं कलम ६१ आहेच. डाव माहीत नसेल तर तो आरोपी ठरायची शक्यता कमी. पण दिवाणी भरपाई, रेराचा (स्थावर मालमत्ता नियमन प्राधिकरणाचा) दंड आणि कराराचा भंग या तिन्ही बाजू तरीही उघड्या राहतात.

ग्राहकाची माहिती ही वेगळी गोष्ट. सेवा देताना कराराखाली हाती आलेली कुणाची वैयक्तिक माहिती, त्याचं नुकसान व्हावं किंवा आपला गैरमार्गानं फायदा व्हावा अशा हेतूनं, किंवा तसं होण्याची शक्यता माहीत असूनही, त्याच्या संमतीविना तिसऱ्याला दिली, तर कलम ७२-ए आहे. सीआरएममधली (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधली) ग्राहकांची यादी आधार-पॅनच्या प्रतींसकट दुसऱ्या ब्रोकरला ‘बघून घे’ म्हणून उघडून देणारे इथे अडकू शकतात.

अमेरिकेत हा मुद्दा वरिष्ठ कोर्टापर्यंत गेलाय. तिथल्या इस्टेट एजंटांचे सामाईक डेटाबेस, ज्यांना एमएलएस म्हणतात, सदस्यांच्या लॉगिनवरच चालतात, आणि पासवर्ड बाहेरच्याला दिला तर संस्था सदस्याला दंड करते. फौजदारी बाजूला २०१६ चा नोसल खटला प्रसिद्ध आहे. तो प्रॉपर्टीचा नव्हता, मोठे अधिकारी शोधून देणाऱ्या कंपनीचा होता. कंपनी सोडून गेलेल्यांनी आत राहिलेल्या सहकारी बाईचा पासवर्ड वापरून माहिती काढली. ती बाई राजी होती, कंपनीनं मात्र त्यांचा प्रवेश बंद केला होता. अपील कोर्टानं शिक्षा कायम ठेवली. त्याच निकालात एका न्यायाधीशानं वेगळं मत लिहून इशारा दिला की अशानं साधे पासवर्ड सांगणारेही गुन्हेगार ठरतील. आपल्या कोर्टांवर हा निकाल बंधनकारक नाही, पण कलम ४३ च्या शब्दांतही प्रश्न तोच आहे: परवानगी द्यायचा हक्क कुणाचा?

आधी एक वही करा

सुरुवात कंटाळवाण्या कामानं करा. ऑफिसात जेवढी लॉगिनं आहेत ती एका वहीत लिहून काढा. पासवर्ड लिहायचे नाहीत. आयडी कुणाच्या नावावर, ओटीपी कोणत्या नंबरवर येतो, पासवर्ड परत मिळवायचा ईमेल कोणता, आणि आज घडीला पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे, एवढंच लिहा. शेवटचा रकाना भरताना बहुतेक मालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मागच्या दिवाळीत सोडून गेलेला मुलगा, बायकोचा भाऊ, सीएच्या ऑफिसातली ताई आणि पोर्टलचं पॅकेज विकून गेलेला सेल्समन, हे सगळे त्यात निघतात.

मग प्रत्येक ओळीसमोर लिहा की हे लॉगिन नक्की कुणाचं. सरकारनं व्यक्तीला किंवा फर्मला परवान्यापोटी दिलेलं, धंद्यानं विकत घेतलेलं, की ग्राहकाचं? प्रत्येकाचा धोका वेगळा आहे.

परवान्यापोटी मिळालेले आयडी: संपदा आणि रेरा

मध्यप्रदेशात १० ऑक्टोबर २०२४ पासून संपदा २.० सुरू झालं. सर्विस प्रोव्हायडरचा परवाना ज्या माणसाच्या नावानं, काम त्यानंच करायचं असतं. त्याच्या आयडीत ई-स्टॅम्पसाठी पैसे भरलेले असतात, शिवाय त्या आयडीवरून झालेल्या प्रत्येक दस्तावर त्याचा ठसा राहतो. मालमत्तेचं वर्णन चुकीचं भरून सरकारी गाइडलाइन दरापेक्षा कमी किंमत दाखवली गेली, तर विभाग आधी त्यालाच विचारणार. चार प्रोव्हायडर एकत्र बसतात तिथे एकमेकांचे आयडी वापरायची सवय सर्रास दिसते. ती मोडायचा सरळ उपाय हा की दुसऱ्यानं टाइप करायचं तर कागदावर मसुदा करून द्यावा, नाहीतर ज्याच्या हाती काम आलं त्यानं आपल्याच आयडीवर नवीन दस्त उघडावा. स्लॉट जाईल, वेळ जाईल. जाऊ द्या.

रेराच्या कायद्यात तर लॉगिन आयडी आणि पासवर्ड हे शब्दच आहेत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार प्रकल्पाची नोंदणी झाली की प्राधिकरण बिल्डरला नोंदणी क्रमांकाबरोबर लॉगिन आयडी आणि पासवर्ड देतं. कलम ११ सांगतं की त्यानं त्यावरून आपलं वेबपान तयार करायचं आणि किती प्लॉट-फ्लॅट बुक झाले, कोणत्या मंजुऱ्या आल्या, बांधकाम कुठवर आलं ते दर तिमाहीला भरायचं. प्रत्यक्षात हे भरतो सीए किंवा कन्सल्टंटकडचा एखादा मुलगा. त्याला हरकत नाही, पण भरलेल्या आकड्यांची जबाबदारी बिल्डरचीच राहते. कलम ६१ खाली प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे दहा कोटींच्या कॉलनीला पन्नास लाखांपर्यंत. म्हणून तिमाही माहिती ‘सबमिट’ होण्याआधी तिची छापील प्रत बिल्डरनं सही करून ठेवावी आणि पासवर्ड बदलायचा ओटीपी बिल्डरच्याच फोनवर यावा.

एजंटांचा धोका याहून मोठा आहे, आणि इंदुरात तो विशेष आहे. सुपर कॉरिडॉर, बायपास, आणि २०२८ च्या सिंहस्थामुळे उज्जैन रोड: या पट्ट्यांत रेरा नोंदणीआधीच ‘डायरी’वर, म्हणजे कच्च्या नोंदीवर, प्लॉट विकायची जुनी रीत अजून सुटलेली नाही. समजा तुमचं रेरा नोंदणीचं एजंट खातं एखाद्या प्रॉपर्टी पोर्टलवर आहे. हाताखालच्या सब-ब्रोकरला जाहिराती टाकायला तुम्ही पासवर्ड दिलात. त्यानं मधल्या मध्ये मित्राच्या, नोंदणी न झालेल्या कॉलनीची जाहिरात चढवली. जाहिरातीवर नाव तुमचं, रेरा नंबर तुमचा, फोन मात्र त्याचा. कलम १० नुसार नोंदणी नसलेल्या प्रकल्पाच्या विक्रीत एजंटला हात घालता येत नाही. त्याचा भंग झाला तर कलम ६२: रोज दहा हजार रुपये, आणि असे वाढत वाढत त्या प्लॉटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. तुम्ही म्हणाल, मी टाकली नाही. भोपाळहून आलेल्या नोटिशीला ते उत्तर देता येतं, पण सोबत काहीतरी जोडावं लागतं.

ते जोडायला काही असावं म्हणून सब-ब्रोकरला मुख्य पासवर्ड देऊ नका. बड्या पोर्टलांच्या व्यावसायिक पॅकेजमध्ये हाताखालच्या माणसांसाठी वेगळं लॉगिन मिळतं का, ते पॅकेज घेतानाच विचारा आणि उत्तर ईमेलवर मागा. वेगळं लॉगिन मिळत नसेल तर जाहिरातीचा मजकूर आणि फोटो त्यानं पाठवावेत, चढवायचं काम तुमच्या ऑफिसातून व्हावं. आठवड्यातून एकदा स्वतःच्या नावानं पोर्टलवर शोध घ्या. आपल्या खात्यात आपण न टाकलेलं काय आहे ते दहा मिनिटांत कळतं.

डिजिटल सहीचं टोकन

माझ्या मते सगळ्यात धोकादायक वस्तू ही: डिजिटल सहीची किल्ली ज्यात असते तो छोटा यूएसबी. सीएच्या टेबलाच्या खणात रबर बँडनं बांधलेली टोकनं आणि प्रत्येकावर चिकटवलेली पिन, हे दृश्य अनेक ऑफिसांत दिसतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४२ सांगतं की सहीची खासगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवायची काळजी सहीधारकानं घ्यायची, ती उघड होऊ द्यायची नाही, आणि ती फुटली असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विलंब न लावता कळवायचं. कळवेपर्यंतची जबाबदारी सहीधारकावर, असा स्पष्ट खुलासा त्याच कलमात आहे. इथे ‘मी दिला पण वापर त्यानं केला’ ही सबब फार दुबळी पडते. दोन भागीदार असतील तर एकाचं टोकन दुसऱ्याकडे ‘सोयीसाठी’ ठेवू नका. भागीदारी मोडते तेव्हा भांडण सह्यांवरूनच पेटतं. सीएकडे टोकन ठेवावंच लागत असेल तर पिन तुमच्याकडे ठेवा, आणि सही करायची वेळ आली की फोन येऊ द्या.

ग्राहकाचे आयडी आणि आईबाबांचा ओटीपी

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रसंग हल्ली फार दिसतो. राजेंद्र नगर, सुदामा नगर, टिळक नगर इथली जुनी घरं विकली जाताहेत, मुलं पुण्यात किंवा परदेशात, आणि घर नावावर असलेले बाबा ऐंशीच्या घरात. ब्रोकर घरचाच, ओळखीचा. ‘‘काका, ओटीपी आला असेल, सांगा जरा.’’ काका चष्मा शोधून सहा आकडे वाचून दाखवतात. तो ओटीपी ई-केवायसीचा (ओळख पटवण्याचा) होता की आणखी कशाचा, काकांना कळत नाही. ब्रोकर प्रामाणिक असला तरी पुढे भावंडांत वाद झाला की पहिला प्रश्न येतो: ‘बाबांना माहीत होतं का?’ मग ओटीपी मागणारा माणूस साक्षीदार राहत नाही, संशयित होतो.

मुलाला बाबांच्या वतीनं सौदा करायचा असेल तर त्याचा रस्ता नोंदणीकृत मुखत्यारनामा हा आहे. मुखत्यारनाम्यावर मालकी विकत घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सांगितलं. पण त्याच निकालानं हेही स्पष्ट केलं की नातलगाला खरोखरचा मुखत्यार नेमून त्याच्याकरवी खरेदीखत करून देण्याला बाधा नाही. ब्रोकरांनी स्वतःसाठी नियम करावा: ग्राहकाचा ओटीपी आपण कधी विचारायचा नाही, फोन त्यांच्या हातात द्यायचा आणि आकडे त्यांनीच टाकायचे. आधी स्क्रीनवरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची.

पन्नास लाख किंवा त्याहून मोठ्या सौद्यात खरेदीदाराला एक टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, आणि तो भरून देताना ब्रोकर सहज म्हणतो, ‘तुमच्या इन्कम टॅक्सचा पासवर्ड द्या ना.’ तो पासवर्ड दिला म्हणजे त्या माणसाची सगळी विवरणपत्रं, बँक खाती, कधीकाळचे वादही दिसतात. तसली माहिती आपल्याकडे नसलेलीच बरी. ग्राहकाला समोर बसवा किंवा त्याच्या सीएकडे पाठवा.

बँकेचं थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं की ग्राहकानं स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिल्यामुळे पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रेरानुसार ज्यात ठेवावे लागतात, त्या खात्याचं नेट बँकिंग बिल्डरांनी ‘एकानं भरायचं, दुसऱ्यानं मंजूर करायचं’ या पद्धतीनं ठेवावं आणि दोन्ही पासवर्ड एकाच अकाउंटंटकडे देऊ नयेत. नाहीतर ती पद्धत नावापुरतीच उरते.

वेगळं लॉगिन मिळतच नसेल तर

अशा जागा आहेत. तिथे पासवर्ड देण्यापेक्षा अधिकार लेखी द्या आणि काम आपल्या डोळ्यांसमोर करून घ्या. भारतीय करार कायद्याचं कलम २३७ लक्षात ठेवा: माझ्या माणसाला अधिकार आहे असा समज मी वागण्या-बोलण्यातून बाहेरच्यांत निर्माण केला, तर अधिकार नसताना त्यानं केलेलं कामही माझ्यावर येतं. मुख्य आयडी हाती देणं हे अशा वागण्याचं ठळक उदाहरण म्हणून समोरचा वकील दाखवणारच. म्हणून अधिकाराच्या सीमा कागदावर हव्यात. मजकूर साधा चालतो, असा:

‘मी खाली सही करणार, अमुक फर्मचा मालक, श्री. अमुक यांना आमच्या अमुक पोर्टलवरील खात्यात फक्त अमुक प्रकल्पाची तिमाही माहिती भरण्यासाठी तारीख अमुक ते तारीख अमुक इतक्या काळापुरतं काम सोपवत आहे. पासवर्ड, ओटीपी किंवा खात्यातली माहिती इतर कुणाला देण्याचा, जतन करण्याचा किंवा दुसऱ्या कामासाठी वापरण्याचा अधिकार त्यांना नाही. अंतिम माहिती माझ्या लेखी मंजुरीनंतरच दाखल होईल. काम संपताच पासवर्ड बदलला जाईल.’

दोघांच्या सह्या, तारीख, आणि त्याच दिवशी स्वतःला एक ईमेल, म्हणजे तारखेवर कुणी शंका घेणार नाही. हा कागद पोर्टलच्या किंवा परवान्याच्या मनाईवर मात करत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. जिथे आयडी दुसऱ्यानं वापरायला स्पष्ट बंदी आहे तिथे असा कागद उलट तुमच्याच विरुद्ध पुरावा होईल. तिथे खुर्चीवर तुम्हीच बसायचं.

माणूस सोडून जातो तो दिवस

प्रॉपर्टी ऑफिसातले बहुतेक वाद इथूनच निघतात. मुलगा नोकरी सोडतो, महिन्याभरात समोरच्या गल्लीत बोर्ड लावतो, आणि तुमच्या जुन्या ग्राहकांना फोन जायला लागतात. यावर ‘दोन वर्षं हा धंदा करणार नाही’ असा बाँड लिहून घेतल्याचं मालक मोठ्या अभिमानानं दाखवतात. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. टिकते ती गुप्ततेची अट: ग्राहकांची यादी, भाव, लॉगिनं ही फर्मची गुप्त माहिती आहे, नोकरीत आणि नंतरही ती वापरणार नाही, सोडताना सगळ्या प्रती परत करीन किंवा पुसून टाकीन. नेमणुकीच्या पत्रात हे चार ओळींत लिहा.

सोडण्याच्या दिवशी क्रम महत्त्वाचा असतो. नुसता पासवर्ड बदलून उपयोग नाही, कारण परत मिळवायचा नंबर त्याचाच असेल तर पाच मिनिटांत तो नवा पासवर्ड करून घेईल. म्हणून आधी ओटीपीचा नंबर आणि परतीचा ईमेल बदला, मग पासवर्ड, मग ‘सर्व डिव्हाइसवरून बाहेर पडा’. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये जोडलेली यंत्रं तपासा. फेसबुक पेज आणि गुगलच्या नकाशावरची दुकानाची नोंद यांचे ॲडमिन बदला. सीआरएममधून शेवटच्या महिन्यात कुणी यादी डाउनलोड केली, ती नोंद काढून ठेवा. ती नोंद काही काळानं आपोआप पुसली जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी. आणि सिम कार्ड! पाटीवर, होर्डिंगवर, पोर्टलवर छापलेला नंबर कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या सिमचा असतो, हे ऑफिसला तो गेल्यावरच आठवतं. नंबर फर्मच्या नावानं घ्या.

त्यानं जाताना यादी नेलीच असेल, तर कलम ४३ आणि ६६ बरोबर न्याय संहितेचं कलम ३१६ पुढे येतं: विश्वासानं सोपवलेल्या मालमत्तेचा अपहार. कारकून-नोकरासाठी सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर दलाल किंवा एजंट म्हणून धंद्यात सोपवलेल्या मालमत्तेबाबत दहा वर्षांपर्यंत कैद किंवा जन्मठेप. नुसती ग्राहकांची यादी त्या अर्थानं ‘मालमत्ता’ आहे का यावर कोर्टात भांडण होईल. ग्राहकानं दिलेले टोकनचे, म्हणजे बयाण्याचे, पैसे खाल्ले असतील तर ते भांडण उरत नाही.

पासवर्ड फुटलाच तर

पहिला तास कुणाला रागावण्यात घालवू नका. खात्यातून सगळ्यांना बाहेर काढा, पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला आणि बँकेला लगेच फोन. सहीचं टोकन असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला ते रद्द करायला ईमेल. मग पडद्यांचे फोटो घ्या, पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असे. खात्याच्या लॉगिनची नोंद डाउनलोड करा. पोर्टलला किंवा विभागाला लेखी कळवा की अमुक वेळेपासून आमच्या आयडीवर आमच्या परवानगीविना वापर झाला आणि अमुक कालावधीच्या नोंदी जपून ठेवा. हा ईमेल पुढे सोन्याच्या भावाचा ठरतो.

तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते किंवा थेट पोलिसांत. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी करतो, त्यामुळे ठाण्यात हवालदारानं अर्ज ठेवून घेतला म्हणजे काम झालं असं समजू नका, पोच घ्या. अर्जात काय घडलं ते तारखेनिशी लिहा, आणि पासवर्ड तुम्हीच दिला होता हे लपवू नका. कुणाला, कोणत्या कामासाठी, कधीपर्यंत, ते लिहा. लपवलेलं नंतर चॅटमधून निघालं की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

नुकसानभरपाईसाठी दिवाणी कोर्टात धावू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ च्या पाच कोटींपर्यंतच्या दाव्यांसाठी राज्याचा न्यायनिर्णय अधिकारी असतो, म्हणजे माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव. आपल्यासाठी ते भोपाळला. त्या दाव्यांना दिवाणी कोर्टाचं दार त्याच कायद्याच्या कलम ६१ नं बंद केलंय. नियमांत शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असं म्हटलंय. अपील दिल्लीच्या टीडीसॅट न्यायाधिकरणाकडे, पंचेचाळीस दिवसांत.

छापलेले स्क्रीनशॉट नुसते जोडून पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅशही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) भरायचा असतो. ते वकिलाकडून सुरुवातीलाच करून घ्या आणि मूळ फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका.

ग्राहकांची माहिती फुटली असेल तर आणखी एक कायदा येऊ घातलाय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात अडीचशे कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या ब्रोकरला तेवढा होणार नाही, पण माहिती संरक्षण बोर्डाला आणि ज्याची माहिती फुटली त्याला कळवण्याचं बंधन त्या कायद्यात त्यालाही आहे.

नोटीस तुमच्याच नावानं आली तर

पोलीस बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहायला, किंवा कलम ९४ खाली कागदपत्रं आणायला सांगतात. दोन्हींवर कलम छापलेलं असतं, ते आधी पाहा. पहिलीत तुमच्यावर संशय आहे, दुसरीत तुमच्याकडचे कागद किंवा नोंदी हव्या आहेत. ठरल्या दिवशी जा, वकील बरोबर असू द्या, आणि देता ती प्रत्येक वस्तू यादीवर सही घेऊन द्या.

चॅट पुसायचा मोह अनावर होतो. तो आवरा. पुराव्यात येऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेचा. शिवाय तो संदेश समोरच्याच्या फोनमध्ये असतोच. ‘काका, तुमचा पासवर्ड टाकून फक्त जाहिरात चढवतो’ हाच संदेश तुम्हाला सोडवणारा असू शकतो.

एफआयआरमध्ये कोणती कलमं आहेत हे वकिलाकडून त्याच दिवशी समजून घ्या, कारण जामीन त्यावर ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याची तीन वर्षांपर्यंत शिक्षेची कलमं दखलपात्र पण जामीनपात्र आहेत. न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) किंवा नोकराच्या विश्वासघाताचं ३१६(४) सोबत जोडलं की गुन्हा अजामीनपात्र होतो, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार करावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये गगन हर्ष शर्मा प्रकरणात म्हटलं होतं की कृती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलमांत पूर्णपणे बसत असेल तर त्याच कृतीसाठी तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेची फसवणुकीची आणि विश्वासघाताची कलमं लावता येणार नाहीत. सगळ्या कोर्टांनी हे मत उचललेलं नाही, आणि इंदूर खंडपीठावर ते बंधनकारकही नाही. तरी अजामीनपात्र कलमं वगळावीत म्हणून मागणी करताना आपल्या वकिलानं हा निकाल पुढे ठेवायला हवा. तो त्याला ठाऊक आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.